बर्फातल्या माशाचा चावा

"दोक्तोरा राविया, ताबडतोब या. वॉर्डमध्ये एका बाईला विष दिलंय."

फोनवर मुनीर होता, कर्करोग रुग्णालयाचा औषधनिर्माता. एरवी तो इतकं हळू बोलायचा की त्याला दोनदा विचारावं लागे. आज मात्र त्याचा आवाज फाटला होता.

"बाई जिवंत आहे?"

"आहे. पण पोलीस आलेत. आणि ती बाई आपल्या तुलनेतली आहे."

राविया कासिम आरोग्य खात्याची औषध-निरीक्षक. अलेक्झांड्रियातल्या रुग्णालयांत नव्या-जुन्या औषधांची जी तुलना चाले, तिच्यावर देखरेख ठेवणं हे तिचं काम. तिने हातातला चहा तसाच ठेवला आणि समुद्राकाठच्या रस्त्याने टॅक्सी पकडली.

वॉर्डच्या दारात तिला पहिल्यांदा दिसला तो लाल डाग. फरशीवर गुलाबाचं सरबत सांडलं होतं. काचेचे तुकडे, अर्धे वितळलेले बर्फाचे खडे. भिंतीला रंगीत कागदाच्या माळा. खिडकीशी एक तरुण मुलगी उभी होती. अंगात फिकट निळा नवा पोशाख, आणि रडून रडून डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेलं.

तिच्यासमोर खुर्ची उलटी टाकून पोलीस अधिकारी बहगत बसला होता. त्याने मुलीची पर्स स्टीलच्या ट्रेमध्ये रिकामी केली होती: कंगवा, रुमाल, लवंगांची पुडी.

"अंगठी पण काढ," तो म्हणाला.

"बाशा, तासाभरापूर्वी घातलीय ती!"

"काढ. अंगठीत विष लपवणारे पण पाहिलेत मी."

मुलीने उजव्या हातातली साखरपुड्याची अंगठी काढली. ट्रेमध्ये टण्‌ असा आवाज झाला.

"या दोक्तोरा," बहगत वळून म्हणाला. "उगाच तसदी घेतलीत. प्रकरण उघड आहे. ही साबरीन. अत्ताराच्या दुकानात काम करते. मुळ्या, बिया, अर्क सगळं हिच्या हाताखालचं. सरबताचा पाक हिने घरी केला. पेला हिने सासूच्या हातात दिला. सासूने एक घोट घेतला आणि नरडं धरून कोसळली. गाडी खाली उभी आहे. नेतो हिला."

"आणि जगमधलं सरबत?"

"सगळ्यांनी प्यायलं. कुणाला काही झालं नाही. म्हणजे विष पेल्यात टाकलं होतं."

"किंवा कुठेच नव्हतं," राविया म्हणाली. "मला थोडा वेळ द्या. सबंध मोहल्ल्यादेखत हिला गाडीत घातलंत, तर उद्या निर्दोष सुटली तरी कुणी हिला दारात उभं करणार नाही."

बहगतने घड्याळाकडे पाहिलं, मग जगमधल्या सरबताकडे. "हे संपेपर्यंत," तो म्हणाला आणि स्वतःसाठी एक पेला भरून घेतला. जग निर्धोक आहे, याबद्दल तरी त्याला शंका नसावी.

*

हज्जा वगीदा कोपऱ्यातल्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. बाई धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. शहराच्या मासळीबाजारात तिची गादी होती, आणि गादीवर बसून ती ज्या आवाजात भाव सांगायची, त्याच आवाजात आत्ता देवाचे आभार मानत होती. गळ्याभोवती पुरुषाचं जाकीट गुंडाळलेलं. शेजारी तिचा मुलगा वाएल हात धरून उभा.

राविया आधी नर्सकडे गेली. इब्तिहाल सिस्टर ओठ चावत उभी होती.

"नेमकं काय झालं?"

"हज्जाचा हट्ट होता, की मुलाच्या साखरपुड्याचा फातिहा, कुराणातली प्रार्थना, तिच्यासमोर वाचायची. आज तिचा सलाईनचा दिवस, म्हणून सगळे इथेच आले. सलाईन संपलं, फातिहा झाला, सरबत फिरलं. मी ओरडून सांगितलं होतं, तुलनेतल्या लोकांनी बर्फ घ्यायचा नाही. हज्जा म्हणाली, मला तर नुसतं पाणी चढवता, मला कसली भीती! आणि गटकन प्यायली. मग नरडं धरलं. म्हणे हवाच आत जात नाही."

"बोटाला यंत्र लावलंस?"

"लगेच. तेच तर कळत नाही, दोक्तोरा. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. ओठ गुलाबी, छाती साफ. आणि बाई मात्र मरणाच्या दारात असल्यासारखी! थोड्या वेळाने आपोआप सुटली."

"आपोआप?"

"म्हणजे, वाएलने थर्मासमधला बडीशेपेचा काढा पाजला. त्यानंतर."

पलंगाशेजारच्या कपाटावर थर्मास होता, फुलाफुलांच्या कापडात बांधलेला. तिने कापडाची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना.

"तशी नाही सुटायची ती, पोरी," हज्जा गरजली. "खालचं टोक ओढ. आमच्या बाजारातली गाठ आहे. एका हाताने बांधायची, दुसऱ्या हातात मासा असतो."

राविया हसली. टोक ओढताच गाठ अलगद उलगडली.

"हज्जा, घशात कसं वाटलं?"

"काचा गिळल्यासारखं. आणि मग कुणी तरी नळी पिळून बंद केली. मी म्हटलं, वगीदा, संपलं तुझं. नजर लागली!"

"कुणाची?"

हज्जाने खिडकीकडे हनुवटी उडवली. "त्या लवंगवालीची. आणखी कुणाची? ती घरात यायची ठरली आणि माझे ग्रह फिरले. गेल्या खेपेला सलाईन घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी गादीवर बसले, बर्फातून बोय मासा उचलला, तर तो चावला मला!"

"जिवंत होता?"

"छे गं! मेलेला, साफ केलेला! पण असा चावला की हातातून उडाला आणि गिऱ्हाईकाच्या चपलेवर पडला. चाळीस वर्षं या बर्फात हात घालतेय मी. मेलेला मासा कधी चावला नव्हता. सगळा बाजार हसला."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"वाएल म्हणाला, नको सांगू, तेही हसतील. खरंच आहे. माशाने चावलं म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का?"

वाएल गालात हसला. उंच, देखणा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "आईच्या गोष्टी, दोक्तोरा. फार मनावर घेऊ नका."

"आज काय झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. "मला काय कळणार? पोलीस म्हणतायत विष, तर असेल काही तरी पाकात. साबरीनच्या हातून चुकून पडलं असेल."

खिडकीशी उभ्या साबरीनने मान वर केली. ती रडायची थांबली होती.

*

मुनीरच्या खोलीत थंडगार हवा होती, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

"मला सगळं पहिल्यापासून सांगा," राविया म्हणाली. "बहगत बाशांना पण कळू दे."

बहगत सरबताचा पेला घेऊनच आला होता.

मुनीरने घसा साफ केला. "मोठ्या आतड्याचा कर्करोग. शस्त्रक्रिया होऊन गाठ निघालीय, पण तो परत येऊ नये म्हणून औषध द्यायचं. सत्तरी ओलांडलेल्यांना आम्ही गोळ्या देतो. तरुण माणसाला गोळ्यांच्या जोडीला शिरेतून ऑक्झॅलिप्लॅटिन देतात. म्हाताऱ्यांना त्या जोडऔषधाचा फायदा होतो, की नुसता त्रासच वाढतो, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. म्हणून ही तुलना. गोळ्या सगळ्यांना. सलाईनही सगळ्यांना. पण चिठ्ठी टाकून निम्म्यांच्या सलाईनमध्ये औषध, निम्म्यांच्या सलाईनमध्ये नुसतं ग्लुकोज."

"आणि कुणाला काय, हे कुणाला माहीत असतं?" बहगतने विचारलं.

"फक्त मला. डॉक्टरांना नाही, सिस्टरना नाही, आजाऱ्याला तर नाहीच. पिशवीच्या मानेवर मी आजाऱ्याचा क्रमांक लिहितो. मग पिशवी काळ्या कापडी खोळीत घालतो, खाली नाडी बांधतो आणि खोळीवर नाव टाचतो. संपली की खोळीसकट पिवळ्या पिंपात, आणि संध्याकाळी भट्टीत. खोळ कुणी उघडत नाही."

"हज्जाला काय मिळत होतं?"

"विषाचा संशय आलाय, म्हणून नियमाप्रमाणे आता सांगतो." मुनीरने ओठ ओले केले. "नुसतं ग्लुकोज. साखरेचं पाणी."

बहगतने पेला खाली ठेवला. "झालं तर! म्हणजे तुमच्या औषधाने काही झालं नाही. राहिलं सरबत."

"आणि हज्जाच्या शेजारच्या खुर्चीवर कोण असतं?" रावियाने विचारलं.

"उस्ताझ लबीब. त्यांच्या पिशवीत औषध. दोघांचा दिवस एकच. दोन्ही पिशव्या एकाच गाड्यावरून जातात."

"तुमच्या हातून अदलाबदल?"

मुनीर ताडकन उभा राहिला. "मी बारा वेळा तपासतो! माझ्या बायकोला विचारा, मी घराचं कुलूप पण—"

"बसा," राविया म्हणाली. "मी फक्त विचारलं."

पण बहगतने त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. संशयाला आता दुसरी खुर्ची मिळाली होती.

*

उस्ताझ लबीब इस्कंदर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायको गेलेली, मुलगा कॅनडात. सगळी गडबड चालू असताना ते आपल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. हातात सरबताचा पेला. त्यांनी तोंडात काही तरी घोळवलं आणि कडकन चावलं.

राविया तो आवाज ऐकून थबकली.

"बर्फ खाताय, उस्ताझ?"

"पकडलंत! सिस्टरला सांगू नका," ते मिश्किलपणे म्हणाले. "तिसरा पेला आहे. काय करणार, जून महिना, आणि वधूच्या हाताला गोडवा आहे. ती विष घालेल? अहो, तिने मला दोनदा विचारलं, साखर चालते ना म्हणून."

"थंडीचा त्रास नाही होत?"

"आता नाही. पहिल्या दोन खेपांना मात्र जीव नकोसा झाला होता. दाराची कडी धरली तरी बोटांत सुया. फ्रिजमधलं पाणी प्यायलो तर घसा आवळायचा. मी हातमोजे घालून भाजी आणायचो, पोरं हसायची. गेल्या खेपेपासून सगळं गायब. शरीराला सवय झाली म्हणायची."

"सवय," राविया पुटपुटली. "उस्ताझ, पिशवी लावायच्या आधी ती कुणाकुणाच्या हातात जाते?"

"सिस्टरच्या. आणि अर्थात फातिहा वाचणाऱ्याच्या."

"म्हणजे?"

"तुम्हाला नाही माहीत? इथे सगळेच करतात. पिशवी लावायच्या आधी घरचं माणूस ती हातात घेतं, मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करून फातिहा वाचतं, फुंकर घालतं, मग सिस्टर लावते. माझं इथे कुणी नाही, आणि मी ख्रिस्ती. पण वाएल माझा विद्यार्थी ना! पहिल्याच दिवशी म्हणाला, उस्ताझ, तुमच्या पिशवीवर पण मीच वाचतो. मी म्हटलं, वाच बाबा, वरचा पत्ता एकच आहे." ते हसले. "नकाशात नाईल नेहमी डावीकडे काढायचा हा. पण मनाने सोनं."

"दोन्ही पिशव्या एकदम घेतो?"

"एकदमच. त्या खिडकीत उभा राहतो, आपल्याकडे पाठ करून. बराच वेळ वाचतो. भाविक आहे."

रावियाने इब्तिहाल सिस्टरला बाजूला घेतलं.

"पिशव्या नातेवाइकांच्या हातात द्यायच्या नाहीत, असा नियम आहे."

सिस्टरचे डोळे भरले. "कुणाच्या तोंडावर नाही म्हणू, दोक्तोरा? माणूस मरणाला भिऊन आलेलं असतं. दोन ओळी वाचू देत नाही म्हटलं तर त्याला वाटतं, आपलं औषध उपाशीच आत गेलं. मी समोर उभी असते. खोळ बंद असते. काय बिघडणार होतं?"

"आजच्या पिशव्या कुठे आहेत?"

"पिवळ्या पिंपात. भट्टीवाला अजून आला नाही."

राविया जाड हातमोजे घालून स्वतःच पिंपापाशी गेली. दोन काळ्या खोळी वरतीच होत्या. तिने त्यांच्या नाड्या पाहिल्या, आणि बराच वेळ पाहतच राहिली. मग खोळी न उघडता तशाच एका ट्रेमध्ये ठेवून ती वॉर्डमध्ये परत आली.

"बाशा," ती बहगतला म्हणाली, "सगळ्यांना हज्जाच्या पलंगापाशी बोलवा. आणि खालच्या गाडीला थांबू दे. लागेल."

*

सगळे आले. साबरीन खिडकीशीच राहिली. मुनीर भिंतीला चिकटून. लबीब आपली खुर्ची सरकवून पुढे बसले.

"सरबतात विष नव्हतं," रावियाने सुरुवात केली. "विषाने नरडं आवळलं असतं तर ऑक्सिजन उतरला असता, ओठ निळे पडले असते, आणि गरम काढ्याच्या चार घोटांनी बाई बरी झाली नसती. हज्जाला हवा मिळत होती. मिळत नाही, असं तिच्या घशातल्या नसा तिला सांगत होत्या. हे एकच औषध करतं. ऑक्झॅलिप्लॅटिन. ते अंगात गेलं की थंडी चावते. कडी चावते, पाणी चावतं."

"मासा चावतो," लबीब हळूच म्हणाले.

"मासा चावतो. हज्जाने चाळीस वर्षं बर्फात हात घातले आणि सलाईनच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा मेलेला मासा चावला. ती नजर नव्हती, हज्जा. ते औषध होतं."

"पण हज्जाला साखरेचं पाणी मिळत होतं!" बहगत म्हणाला.

"मिळायला हवं होतं. आणि ज्यांना औषध मिळायला हवं होतं, ते उस्ताझ लबीब माझ्यासमोर बर्फ कडाकडा फोडत होते. म्हणाले, सवय झाली. या औषधाची सवय होत नाही. उलट खेपेगणिक थंडी जास्तच चावते. ज्या खेपेला उस्ताझांचा त्रास थांबला, त्याच खेपेला हज्जाचा सुरू झाला. दोन पिशव्यांची अदलाबदल झाली होती. गेल्या वेळी आणि आज."

सगळ्यांच्या माना मुनीरकडे वळल्या.

"मी नाही!" तो किंचाळला.

"नाही, तुम्ही नाही," राविया म्हणाली. तिने ट्रे पलंगावर ठेवला. "या आजच्या खोळी. मुनीर, तुम्ही नाडीला कशी गाठ मारता?"

"साधी. बुटाच्या नाडीची. फुली, आणि वर दोन कान."

"हज्जा, ही गाठ कुठली?"

हज्जाने वाकून पाहिलं. काळ्या कापडाखाली नाडी एका सफाईदार फासात अडकली होती. एकच टोक लोंबत होतं.

तिचं बोट त्या टोकाकडे गेलं आणि मागे आलं.

रावियाने खालचं टोक ओढलं. गाठ अलगद उलगडली. तिने खोळीतून रिकामी पिशवी बाहेर काढली आणि मुनीरसमोर धरली. खोळीवर नाव होतं हज्जा वगीदाचं. पिशवीच्या मानेवरचा क्रमांक पाहून मुनीरने डोळे मिटले.

"उस्ताझ लबीबचा," तो म्हणाला.

"मासळीबाजारातली गाठ," राविया म्हणाली. "ती या खोलीत दोघांनाच येते. त्यातल्या एकीच्या हातात सुई टोचलेली होती. दुसरा खिडकीत उभा होता, दोन्ही पिशव्या घेऊन, आपल्याकडे पाठ करून."

वाएलच्या हातातून आईचा हात सुटला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "कुणीही शिकू शकतं ती गाठ."

"मग एक सांगा. आई नरडं धरून कोसळली. सिस्टर बोटाला यंत्र लावायला धावली. पाहुणे विष विष म्हणून ओरडले. साबरीन दूध आणायला पळाली. तुम्ही काय केलंत?"

"मी... मी तिला धरलं."

"तुम्ही अंगातलं जाकीट काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळलंत आणि गरम काढा पाजलात. बरोबर तेच, जे अशा वेळी करायचं असतं. या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक होतं की आईला थंडीने धरलंय. कसं ठाऊक होतं? तिच्या पिशवीत काय आहे ते ठाऊक होतं म्हणून. त्यात काही चूक नव्हती, वाएल. आईला वाचवलंत. चूक पुढची. मी विचारलं, काय झालं असेल? हातांनी काढा पाजून झाला होता, तरी तोंडाने म्हणालात, पाकात काही तरी असेल. साबरीनच्या हातून पडलं असेल."

"मी सुटका करणार होतो तिची," वाएलचा आवाज बसला. "पोलीस तपासणार, काही सापडणार नाही, सोडतील. मला फक्त... दोन खेपा राहिल्या होत्या चांगल्या जायच्या. बोललो असतो तर औषध बंद केलं असतं तुम्ही."

"कसं ओळखलंस, कुणाला औषध ते?" बहगतने विचारलं.

"त्यात काय ओळखायचं? उस्ताझ हातमोजे घालून येत होते. आई बर्फाचं पाणी पीत होती आणि सगळ्यांना सांगत होती, मला काही होत नाही. मला रात्र रात्र झोप नाही यायची. चिठ्ठीने माझ्या आईला पाणी दिलं. पाणी! शेजारी खरं औषध लटकतंय आणि आईला साखरपाणी. तुम्ही काय केलं असतंत, बाशा?"

"आणि फातिहा?" लबीबनी विचारलं. पेपर त्यांच्या मांडीवरून खाली पडला होता. "माझ्या पिशवीवर वाचत होतास, तो?"

वाएलने मान खाली घातली. "वाचत होतो, उस्ताझ. खरंच वाचत होतो. आधी तुमच्यासाठी."

म्हातारा पेपर उचलायला वाकला. मग रावियाकडे वळला. "दोक्तोरा, मला सरळ सांगा. दोन खेपा माझं औषध या बाईला गेलं. मी बुडालो की वाचलो?"

"मला माहीत नाही, उस्ताझ."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणालाच माहीत नाही. तुमच्या वयात या औषधाने आजार दूर राहतो, की नुसत्या बोटांच्या नसा जातात, हेच तर आम्ही शोधत होतो. म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्या. उत्तर आधी ठाऊक असतं, तर आम्ही कुणाला पाणी दिलंच नसतं." ती वाएलकडे वळली. "तुम्ही आईसाठी जे चोरलंत, ते वरदान होतं की नुसतंच दुखणं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि आता या दोघांकडून तरी ते आम्हाला कधीच कळणार नाही."

हज्जाने गळ्याभोवतीचं जाकीट सोडलं आणि मुलाच्या अंगावर टाकलं.

"माझ्यासाठी तू उस्ताझच्या ताटातलं उचललंस," ती म्हणाली. आवाज इतका लहान, की बाजारात कुणी ओळखला नसता. "आणि मी त्या पोरीला नजर लावणारी म्हणाले. तू ऐकत उभा होतास. हसत होतास."

"आई—"

"गाठ पण मीच शिकवली तुला. हात धरून."

बहगत उठला. त्याने वाएलच्या दंडाला धरलं, फार घट्ट नाही. "चल. सही वगैरे करावी लागेल बरंच काही." दारापाशी तो अडखळला आणि खिडकीकडे पाहून कसंबसं म्हणाला, "बाई, तुमची पर्स. माफ करा. सरबत छान होतं."

वाएल थांबला. "साबरीन, मी तुला नंतर समजावून—"

"मला समजलंय," साबरीन म्हणाली.

ती खिडकी सोडून पुढे आली. स्टीलच्या ट्रेमधून तिने कंगवा घेतला, रुमाल घेतला, लवंगांची पुडी घेतली. शेवटी अंगठी उचलली. सगळ्यांना वाटलं, ती आता वाएलच्या तोंडावर फेकणार. बहगतनेही मान जराशी बाजूला केली.

पण तिने फेकली नाही. वातानुकूलनाच्या झोतात, स्टीलवर पडून ती गार झाली होती. साबरीनने ती मुठीत घट्ट धरली आणि हज्जाच्या पलंगापाशी तशीच उभी राहिली. वाएलला घेऊन बहगत जिना उतरून गेला, खाली गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं, तरी तिने मूठ उघडली नव्हती.

मग तिने अंगठी गालाला लावून पाहिली. पुरेशी ऊब आली होती.

"घ्या, हज्जा," ती म्हणाली आणि म्हातारीच्या तळहातावर अंगठी ठेवली. "आता चावणार नाही."